काळी वाळू

आतुओनाच्या किनाऱ्यावर ओंजळभर वाळू उचलली, तर ती काळीभोर. ज्वालामुखीची, ओली, बोटांना चिकटून राहणारी. फ्रेंच चित्रकार पॉल गोगँनं १९०२ मध्ये याच गावी राहून घोडेस्वारांचं चित्र काढलं, त्यात घोड्यांच्या टापांखालची वाळू गुलाबी आहे. ते चित्र पुस्तकात पाहतच मी मोठा झालो. डोळ्यांसमोरचा काळा रंग पुसून त्याला गुलाबी दिसला कसा, हे कळावं म्हणून मी पॅसिफिकमधल्या या हिवा ओआ बेटावर आलो होतो.

ताहितीहून हे बेट जवळपास १४०० किलोमीटर. गावामागं तेमेतिऊचा डोंगर, त्याचं डोकं ढगात. वाटेवर नीरफणस, जास्वंद, आंबा. कोकणातल्या माणसाचा पाय अडखळावा इतकी ओळखीची झाडं. गोगँ १८९१ मध्ये ताहितीला आला, आणि तिथंही युरोपच दिसू लागला म्हणून १९०१ मध्ये इथं. कॅथलिक मिशनकडून जमीन विकत घेऊन त्यानं घर बांधलं, दाराच्या चौकटीवर घराचं नाव कोरलं: सुखाचं घर. मूळ कोरीव फळ्या आता पॅरिसला आहेत. इथं उभी आहे ती घराची प्रतिकृती. अंगणातली त्याची विहीर २००० साली उपसली, तेव्हा बाटल्यांसोबत इंजेक्शनची सिरिंज निघाली. सुखाच्या घरात त्याला किती दुखत होतं!

शेजारच्या संग्रहालयात भिंतभर चित्रं आहेत, सगळ्या नकला. ज्यांच्या पणज्यांचे चेहरे त्यानं रंगवले, त्यांना अस्सल चित्र पाहायचं तर समुद्र ओलांडून जावं लागतं. याचा मला राग आला, अजूनही येतो. आणि दुसऱ्या गोष्टीचाही. वाएओहो चौदा वर्षांची होती, मिशनच्या शाळेतली, गोगँ त्रेपन्नचा. तिला त्यानं घरी आणलं. त्याच्या रंगांवरचं माझं प्रेम खरं आहे, पण या मुलीला बाजूला सारून मला ते करता येत नाही.

संध्याकाळी टेकडीवरच्या दफनभूमीत गेलो. लालसर दगडांची गोगँची कबर, वर चाफा. गोल दगडावर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव आणि १९०३. उशाशी त्याच्याच ‘ओविरी’ या शिल्पाची नक्कल. चाफ्याची फुलं मी वेचली नाहीत, जिथं पडली तिथंच राहू दिली.

उतरताना शाळेच्या मुली वर येत होत्या, कानामागं फूल खोवून, जोरजोरात बोलत. मी वाट दिली आणि त्या दिसेनाशा होईपर्यंत उभा राहिलो.