चैत्रांतील बर्फ व वाढत्या पायाचे बूट

इ. स. २०२३ च्या चैत्रारंभीं आम्ही नातीसह काश्मिरांत गुलमर्गास गेलों होतों. समुद्रसपाटीपासून सुमारें २६५० मीटर उंच असें हें स्थळ. तेथें वसंतांतील बर्फ रात्रीं गोठून पाषाणवत् होतें, उन्हें चढतांच वरचा थर मृदु होतो, आणि दुपारीं नुसता राडा! स्कीवरून घसरण्यास योग्य वेळ काय ती चार-पांच घटका. ती आम्हीं बुटांपायीं दवडली.

‘वाढत्या पायाचे घे,’ हा सल्ला आमचाच. मुलीनें दोन मोजे चढवून सैल बूट भाड्यानें घेतले. पहिल्याच वळणावर टांच उचलली, स्की वळेना, पोर आपटली. शिक्षकानें बुटाचें अस्तर काढून नुसत्या कवचांत तिचा पाय घालविला. अंगठा पुढें टेकला असतां टांचेमागें फार तर दोन बोटें शिरावींत. येथें मूठच शिरली! मग लहान बूट, पातळ मोजा एकच. उभें राहतां अंगठा टेके, गुडघे वांकवितां सुटे.

दुसऱ्या दिवशीं ती वेळेवर उतारावर गेली. आम्ही खालीं कहवा घेत तिची लाल टोपी शोधीत बसलों.