रात्री तीन वाजता

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही सिडनीहून पार्क्सला गेलो. तिथला ६४ मीटर व्यासाचा रेडिओ टेलिस्कोप बाबांना दाखवायचा होता. १९६९मध्ये माणूस चंद्रावर चालला, तेव्हाची बरीचशी दृश्यं या तबकडीने पकडली होती. गावातल्या कॅरव्हॅन पार्कमध्ये दोन रात्री राहिलो. नवरा, लेक, बाबा आणि मी. मध्ये फक्त एक पडदा.

पहिल्याच रात्री तीनला कॅरव्हॅन हलली. बाबा टॉर्च घेऊन बाहेरच्या बाथरूमकडे निघाले होते. मी मागोमाग गेले.

"झोप नाही लागत?"

"रोजच जाग येते गं. तुझी आई गेल्यापासून."

पाच महिने ते आमच्याकडे होते. त्यांची खोली खाली, आमची वर. रोज सकाळी मी विचारायचे, झोप लागली का? ते म्हणायचे, मस्त.

"सांगितलं का नाही?"

"जावयाच्या घरी रात्री-अपरात्री दिवे काय लावायचे!"

परतताना ते थांबून वर बघू लागले. "ध्रुव शोधतोय. लग्नात भटजींनी दाखवला होता. तुझ्या आईला दिसलाच नव्हता, तरी हो म्हणाली."

"इथून तो दिसत नाही, बाबा. कायम क्षितिजाखाली असतो."

"असं होय," म्हणाले, आणि तरीही बराच वेळ बघत राहिले. थंडी वाजेपर्यंत मीही उभी राहिले.

सिडनीत आता जाग आली की ते हाक मारत नाहीतच. पण जिन्यातला दिवा लावतात. तो दिसला की मी खाली जाऊन चहा टाकते.