१४५ चा हिशेब

त्रिशंकू निकाल लागला की आमच्या पिढीला आधी पेन्सिल लागायची. पेन चालत नसे, कारण 'आघाडीवर' म्हणून लिहिलेलं नाव संध्याकाळपर्यंत खोडावं लागे. मतमोजणीच्या आदल्या दिवशी वर्तमानपत्रात २८८ मतदारसंघांचा तक्ता यायचा. मतदारसंघाचं नाव, गेल्या वेळचा विजयी उमेदवार आणि पुढे कोरा रकाना. त्या पानात कुणी पोळ्या गुंडाळू नयेत म्हणून ते सकाळीच कपाटावर चढायचं. मग वाशीतल्या सिडकोच्या दोन खोल्यांत एक जण रेडिओला कान लावून, एक जण दूरदर्शनसमोर आणि एक जण तक्त्यावर वाकून, असा दोन दिवसांचा कारभार चाले. रेडिओ 'करवीर' म्हणाला की 'कराड', यावरून सख्ख्या भावांत अबोला होई.

आता पेन्सिल शोधायला उठेपर्यंत मोबाइलवर अर्ध्या राज्याचा नकाशा रंगलेला असतो. कुणाला विचारायला नको, कुणाचं ऐकायला नको, आणि 'करवीर' की 'कराड' हा घोळ तर मुळीच नको. आकडा आपणहून बदलतो आणि आधी काय होतं त्याची खूणही ठेवत नाही. आमच्या तक्त्यावर खोडलेल्या नावाचा ठसा उरायचा. दुपारपर्यंत पुढे असून रात्री पडलेल्या माणसाची एवढी तरी नोंद कुठेतरी राहायची.

नोव्हेंबर १९८९ ची लोकसभेची मोजणी आठवते. मतपत्रिका आधी एकमेकींत मिसळायच्या, मग त्यांचे गठ्ठे बांधायचे, मग मोजायचे, आणि फरक थोडा असला तर पुन्हा मोजायचे. निकाल ठिबकत ठिबकत यायचे आणि मधला वेळ भरायला दूरदर्शन हिंदी सिनेमा लावायचं. नायिकेच्या डोळ्यांत पाणी आलं की पडद्यावर प्रणय रॉय आणि विनोद दुआ. काँग्रेस १९७ वर थांबली, बहुमत कुणालाच नाही, आणि विश्वनाथ प्रताप सिंगांचा शपथविधी व्हायला २ डिसेंबर उजाडला. वाशीला तेव्हा रेल्वे नव्हती, ती मे १९९२ मध्ये आली. खाडीपुलावरून येणाऱ्या बसमधून उतरणाऱ्याच्या काखेत सायंदैनिक असे. थांब्यावरची माणसं त्याला विचारत, "किती झाले?" कुणाचे, कशाचे, हे विचारावं लागत नसे. आणि तो अनोळखी माणूसही घरी जायची घाई सोडून, दिव्याच्या खांबाखाली पेपर उलगडून उभा राही.

या आठवणीने गहिवरण्याआधी सांगायला हवं की त्या पेपरातला आकडा दुपारचा असे आणि आम्ही तो रात्री ताजा म्हणून चघळत असू. मतपेट्या पळवल्याच्या, केंद्रं बळकावल्याच्या बातम्या तर आम्ही हवामानाच्या अंदाजासारख्या वाचत होतो. यंत्रं आली आणि मोजणी एका दिवसावर आली, याचं आम्ही जाहीरपणे स्वागतच केलं. खाजगीत हळहळलो, ते दोन दिवसांची करमणूक गेली म्हणून.

आमच्या करमणुकीचा कळस म्हणजे ऑक्टोबर १९९९. काँग्रेस ७५, शिवसेना ६९, राष्ट्रवादी ५८, भाजप ५६. चौघांनी जागा अशा वाटून घेतल्या होत्या की दोघे मिळूनही बहुमताचे १४५ होईनात. सोनियाबाईंच्या परदेशी जन्मावरून जूनमध्ये वेगळी चूल मांडलेल्या पवारांनी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्याच चुलीवर भाकरी भाजायची का? युतीने एकत्र लढून मुख्यमंत्री राण्यांना ठेवायचं की मुंड्यांना आणायचं? जवळजवळ दोन आठवडे हा गुंता सुटला नाही आणि त्या दोन आठवड्यांत आमच्या इमारतीच्या जिन्यात निदान डझनभर सरकारं आली आणि पडली. हिशेब विजेच्या बिलाच्या पाठीवर. शेकापचे पाच धरा, अपक्षांतले अमुक वजा करा, समाजवाद्यांचे दोन कुणीकडेही धरा. तिसऱ्या मजल्यावर मंत्रालयात नोकरी करणारे एक गृहस्थ राहत. ते मत्स्यव्यवसाय खात्यात होते आणि त्यांना आमच्याइतकंच ठाऊक असे. पण त्या दिवसांत ते जिना चढताना आवाज खाली आणून म्हणत, "अजून काही ठरत नाहीये," आणि आम्ही ते आतल्या गोटातलं म्हणून पुढे पोचवत असू. १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुखांनी शपथ घेतली. जिन्यातल्या डझनभर मंत्रिमंडळांपैकी एकातही ते मुख्यमंत्री नव्हते.

हल्ली जिन्यात कुणी थांबत नाही, लिफ्ट आहे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सेक्रेटरींची सूचना कायमची वर टाचलेली आहे, 'राजकीय पोस्ट टाकू नयेत.' ती अगदी शहाणपणाची आहे. ती नव्हती तेव्हा एका घरातल्यांनी दुसऱ्या घराला गणपतीच्या आरतीला बोलावणं बंद केलं होतं. सकाळी मिनी सीशोअरला फेऱ्या मारणारी मंडळी साखर, गुडघा आणि पुनर्विकास या तीन विषयांवर बोलतात. कोण कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणूनच कुणी बोलत नाही. आम्ही मात्र तोंडावर भांडायचो आणि संध्याकाळी वाटीभर साखर मागायला त्याच दारात जायचो, असं मुलांना अभिमानाने सांगतो.

ते सांगताना एक गोष्ट गाळतो. जिन्यात वाद घालणारे आम्ही सगळे जवळपास एकाच पगाराचे, एकाच पद्धतीच्या आडनावांचे आणि एकजात पुरुष होतो. अशांचा वाद मिटायला साखरही लागत नाही. चहा आतून यायचा. तो करणाऱ्या हातांनीही मतदान केलेलं होतं, पण १४५ कसे जुळवावेत असं त्या हातांना कुणी विचारलं नाही. "तुमचं सरकार झालं असेल तर दूध आणा," एवढाच त्या बाजूचा अधिकृत हस्तक्षेप.

आणि सरकार लांबलं म्हणून आमचं काय अडत होतं? पगार एक तारखेला, घर सिडकोचं. आमच्या कंपाउंडपलीकडच्या गावठाणात मात्र तीच गोष्ट निराळी होती. ज्या ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभं राहिलं, त्यांनी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या मागे जाऊन जासईला गोळ्या झेलल्या होत्या. त्यातून पुढे, गेलेल्या जमिनीच्या बदल्यात, साडेबारा टक्क्यांचे भूखंड आले. तिथला म्हातारा निकालाची चौकशी करायचा ती करमणूक म्हणून नव्हे. नवा मंत्री कोण, फाइल पुन्हा पहिल्या टेबलावर जाणार का, एवढंच त्याला हवं असे. आम्ही त्याला युतीचं गणित समजावून सांगायला जायचो. तो ऐकून घ्यायचा, आमच्या वयाकडे बघून.

आमच्या पेन्सिलीचा खरा पराभव यंत्राने नाही केला, विधानसभेनेच केला. २०१४ मध्ये भाजपला १२२ जागा मिळाल्या. निकालाच्याच दिवशी राष्ट्रवादीने, कुणी मागितलेला नसताना, बाहेरून पाठिंबा देऊ केला. १२ नोव्हेंबरला फडणवीस सरकारने विश्वासदर्शक ठराव जिंकला तो आवाजी मतदानाने! ना कुणी हात वर केले, ना कुणी डोकी मोजली. आयुष्यभर ज्या आकड्याभोवती आमचं नागरिकशास्त्र फिरलं, तो न मोजताच सिद्ध झाला.

मग आलं २०१९. निकाल २४ ऑक्टोबरला. भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. एकत्र लढलेल्यांना बहुमत होतं, एकत्र राहायची इच्छा नव्हती. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट आली. आमदार हॉटेलांत होते. त्यावर आम्ही नाकं मुरडली, जणू २००२ मध्ये विलासरावांचं सरकार वाचवायला आमदार बंगळुरूला नेले तेव्हा आम्ही जन्मलोच नव्हतो. २३ नोव्हेंबरची सकाळ मात्र आमच्या जुन्या तालमीतल्या कुणालाही पेलण्यासारखी नव्हती. दारात पडलेल्या वर्तमानपत्रात उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार, असा ठळक मथळा. तो वाचत चहाचा पहिला घोट घ्यावा तर टीव्हीवर, राजभवनात, फडणवीस आणि अजित पवार शपथ घेताहेत. राष्ट्रपती राजवट पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी उठलेली. छापील बातमी शिळी होताना आम्ही पुष्कळदा पाहिली होती. घडी मोडण्याआधीच ती खोटी पडलेली पहिल्यांदा पाहिली. तीन दिवसांत ते सरकार गेलं, २८ तारखेला शिवाजी पार्कवर दुसरं आलं. आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी तोवर त्यावरचे निदान पन्नास विनोद एकमेकांना पाठवले होते. आम्ही महिनाभर जे बोलत बसायचो, ते त्यांनी पन्नास विनोदांत उरकलं. विनोद आमच्यापेक्षा चांगले होते, हेही कबूल करतो.

त्याच नोव्हेंबरात कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत लोक वेगळ्याच चिंतेत होते. एपीएमसीत पाठीवर पोती वाहणाऱ्या इथल्या कित्येकांचा जीव अजून पाटण-जावळीत असतो, मतही पुष्कळदा तिकडेच असतं. निवडणुकीच्या आदल्या रात्री इथून भरून सुटणाऱ्या गाड्या कुणाला नव्या नाहीत. अवकाळी पावसाने गावची पिकं झोपली होती आणि मदत जाहीर करायला मुख्यमंत्रीच नव्हता. शेवटी राज्यपालांनी खरिपाला हेक्टरी ८,००० रुपये जाहीर केले. मंत्रालयातल्या मुख्यमंत्री वैद्यकीय मदत कक्षाचं काम थांबलं, म्हणून रुग्णांचे नातेवाईक हेलपाटे घालत होते. त्रिशंकू अवस्थेची गोडी आम्हाला का वाटायची, ते त्या महिन्यात जरा नीट कळलं. आम्हाला मंत्रालयात काही काम नव्हतं.

मे २०१० मध्ये ब्रिटनमध्येही निकाल असाच त्रिशंकू लागला होता. हुजूर पक्ष ३०६ वर अडला, हवे होते ३२६. १९७४ नंतर अशी वेळ त्यांच्यावर पहिल्यांदाच आलेली. लंडनला स्थायिक झालेला भाचा फोनवर काळजीने म्हणाला, "मामा, पाच दिवस सरकार नाही!" आम्ही इतके हसलो की त्याने विषय बदलला. पाच दिवसांत तर आमच्या जिन्यात खातेवाटपही होत नसे. पण तिथे पाचव्या दिवशी कॅमेरून आणि क्लेग एकत्र आले आणि पाच वर्षं एकत्र राहिले. आमच्याकडे २०१९ चा निकाल सुरत, गुवाहाटी आणि सांगोल्याच्या आमदारांची झाडी, डोंगर, हाटील ओलांडून २०२२ मध्येही लागतच होता. भाच्याला ते आम्ही आपणहून कळवलं नाही.

जून २०२४ मध्ये भाजप २४० वर थांबला तेव्हा जिंकलेले हिरमुसले आणि हरलेले नाचले. आम्ही पुन्हा आशेने कागद काढला. नीतीशकुमार किती, चंद्राबाबू किती. पण मुलगी म्हणाली, "बाबा, सगळं इथे लिहिलंय," आणि तिने फोन पुढे केला. खरंच लिहिलेलं होतं, टक्केवारीसकट. कागद परत ठेवला.

खरा, हाताने जुळवायचा शेवटचा हिशेब आम्हाला मिळाला तो आमच्याच महापालिकेत, एप्रिल २०१५ मध्ये. १११ जागा, बहुमताला ५६. राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, भाजप ६, अपक्ष ५. दिल्लीचे, मुंबईचे अपक्ष नुसते आकडे असतात. हे पाच रस्त्यात भेटणारे होते. त्यातला अमका कुणाच्या लग्नात कुणाच्या पंगतीला बसला होता, यावरून तो कुठे जाईल ते आम्ही ठरवत होतो. काँग्रेसला सोबत घेऊन राष्ट्रवादीने महापौर केला, आणि ज्यांच्या अपक्षाचा भाव उतरला त्या वॉर्डातले लोक आठवडाभर उगाच पडलेल्या चेहऱ्याने हिंडत होते. "विकले जाणार हे सगळे," असं आमचा एक मित्र चौकात उभं राहून मोठ्याने म्हणायचा.

मे २०२० मध्ये त्या पालिकेची मुदत संपली आणि पुढची निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली साडेपाच वर्षं प्रशासक. बहुमत नाही, अल्पमत नाही, फोडाफोडी नाही, हॉटेल नाही. घंटागाडी येत होती, नळाला पाणी येत होतं. तोच मित्र त्या काळात तुंबलेल्या गटाराचे फोटो कुठल्याशा ॲपवर चढवायचा आणि तक्रार क्रमांक आला की आम्हाला दाखवायचा. एकदा क्रमांकाकडे बघत म्हणाला, "तो अपक्ष चोर होता रे, पण फोन उचलायचा."