येतानाही आणि जातानाही

लाटेत जोर किती असतो हे समुद्रकाठच्या मुलांना सांगायला नको. पण त्या जोरातून वीज काढायची कशी? परवा आमच्या चौथीच्या वर्गात या एकाच प्रश्नात अख्खा तास गेला!

केरळात विळिंजम नावाचं मच्छीमारांचं बंदर आहे. तिथे १९९१ साली मद्रासच्या आयआयटीतल्या शास्त्रज्ञांनी लाटांवर चालणारं १५० किलोवॉटचं वीजकेंद्र उभारलं. समुद्रात काँक्रीटची एक मोठी पोकळ खोली, खालून पाण्याला उघडी. लाट आली की आतलं पाणी चढतं, हवा दाबली जाते आणि वरच्या तोंडातून जोरात बाहेर पडते. लाट ओसरली की हवा परत आत ओढली जाते. त्या तोंडात बसवलेलं टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, हवेने फिरतं नि वीज तयार होते.

हे दाखवायला मी प्लॅस्टिकच्या बाटलीचा तळ कापला आणि ती बादलीतल्या पाण्यात वर-खाली केली. तोंडाशी धरलेली कागदाची पट्टी एकदा बाहेर उडाली, एकदा आत ओढली गेली. मुलं खूश! एवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग चाक एकदा उजवीकडे नि एकदा डावीकडे फिरेल. सारखं थांबत राहिलं तर वीज कशी व्हायची?"

अगदी हाच प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअरांपुढे होता. हवा एकाच दिशेने वळवणाऱ्या झडपा बसवता येतात. पण खाऱ्या तुषारांत लाखो वेळा उघडझाप करून त्या टिकणार किती? बेलफास्टचे प्राध्यापक अ‍ॅलन वेल्स यांनी १९७०च्या दशकात पात्यांचा आकारच बदलला. दोन्ही बाजूंनी सारखी फुगीर पाती! हवा बाहेर जावो की आत येवो, चाक एकाच दिशेने फिरतं. थोडी शक्ती वाया जाते खरी, पण झडपांची कटकट संपली. विळिंजमला असंच चाक होतं.

ते केंद्र आता बंद झालंय. पण स्पेनच्या मुत्रिकू बंदरात २०११ साली अशी १६ चाकं बंधाऱ्यातच बसवली गेली.

आता तुमची पाळी. रोजच्या लहान लाटेवर चाक फिरलं पाहिजे, पण वादळात मोडता कामा नये. काय कराल? सुचेल ते वहीत काढा. बाटली मात्र मोठ्यांकडूनच कापून घ्या. आणि आई-बाबांनो, बादलीतलं पाणी घरभर झालं, तर त्या दिवशी रागावू नका हं!