माझे एक चुकलेले गणित

गणिताचा शिक्षक आपल्या चुका सहसा छापून प्रसिद्ध करीत नाही. फळ्यावर चूक झाली तर ती फडक्याने पुसता येते, आणि पुढच्या बाकावरील एखाद्या चौकस विद्यार्थ्याखेरीज तिची कोणास आठवणही राहत नाही. परंतु काही चुका आपल्या माणसांच्या घरात घडतात. त्या पुसावयास फडके पुरत नाही. अशी एक चूक सन २०२४ मध्ये मजकडून घडली. ती येथे सांगण्याचे योजिले आहे.

माझा धाकटा भाऊ राहुरीजवळ राहतो. आसपासच्या शेतकऱ्यांचा भाजीपाला नगरच्या बाजारात पोचविणे हा त्याचा व्यवसाय. जाऊन-येऊन सुमारे ८० किलोमीटर आणि महिन्यास २५ खेपा, म्हणजे २,००० किलोमीटर. ज्यास लोक कौतुकाने ‘छोटा हत्ती’ म्हणतात, त्या जातीची त्याची जुनी गाडी महिन्यास सुमारे १०५ लिटर डिझेल पीत असे. त्यास साडेनऊ हजार रुपये पडत. गाडी थकली तेव्हा विजेवर चालणारी नवी घ्यावी असे त्याच्या मनात आले. रात्री घराच्या अंगणात ती विजेस जोडून ठेवावयाची आणि पहाटे माल भरून निघावयाचे. एका रविवारी कागद-पेन्सिल घेऊन तो मजकडे आला व म्हणाला, “दादा, महिन्याला विजेचे किती पडतील तेवढे सांगा. तुम्ही सांगाल त्यावर हप्ता ठरवतो.”

मी मोठ्या हौसेने गणित मांडले. या वर्गातील टाटा एस ईव्ही ही गाडी मे २०२२ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या बॅटरीत २१.३ युनिट वीज मावते आणि प्रमाणित चाचणीत एका भरणीवर ती १५४ किलोमीटर जाते. एक युनिट म्हणजे हजार वॅटचे उपकरण तासभर चालविण्यास लागणारी वीज, हे विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. मी २१.३ ला १५४ ने भागिले व २,००० ने गुणिले. उत्तर आले सुमारे २७७ युनिट. मग भावाचे घरचे वीजबिल मागविले. घरी महिन्यास १०० युनिट लागत व शुल्कासह प्रत्येक युनिटास सुमारे ७ रुपये पडत. २७७ गुणिले ७, म्हणजे १,९३९ रुपये! महिन्यास साडेसात हजारांची बचत होणार, असे मी त्यास छातीठोकपणे सांगितले. त्याने ते वहीत उतरवून घेतले, आणि त्या बचतीतील सात हजार रुपये धरून कर्जाचा हप्ता ठरविला.

जूनमध्ये गाडी आली. पेढे वाटले गेले. पुढे दोन-अडीच महिने भाऊ मजकडे फिरकला नाही. कामात असेल असे मी समजलो.

ऑगस्टअखेर त्याची मुलगी, जी आमच्याच शाळेत नववीत शिकत होती, ती सहलीची वर्गणी भरावयाची राहिली म्हणून मी तिला सहज विचारले. ती खाली मान घालून म्हणाली, “काका, या वर्षी मी जाणार नाही. आईच्या पाटल्या गहाण आहेत. विजेचे बिल सात हजारांवर येते.” माझ्या तोंडून शब्द निघेना. माझ्यावर विश्वास ठेवून ज्याने कर्ज काढले, त्याने मला दोष देण्याऐवजी माझ्या घरी येण्याचेच टाळले होते. थोरल्या भावास त्याची चूक दाखविणे त्यास जड वाटले असावे.

त्याच संध्याकाळी मी राहुरीस गेलो. प्रथम मी भिंतीपाशी पाहिले. गाडी जेथे जोडीत, त्या तारेवर वायरमनने एक लहान मीटर बसविले होते. ८० किलोमीटरच्या खेपेस गाडीतील काट्याप्रमाणे १४ युनिट खर्च होत. कारण माल भरलेली गाडी, चढाचा रस्ता व वरचेवर थांबणे यांपुढे चाचणीतील आकडा टिकत नाही. त्यातही भिंतीवरील मीटर १६ युनिट दाखवी. भिंतीतील उलटसुलट वाहणारी वीज बॅटरीसाठी एकाच दिशेची करून घ्यावी लागते. त्यात काही भाग उष्णता होऊन जातो. बिल मात्र भिंतीपाशी मोजले जाते. म्हणजे महिन्यास २७७ नव्हे, ४०० युनिट!

तरीही बिल जुळेना. ४०० गुणिले ७ म्हणजे २,८००. उरलेले साडेतीन हजार कोठून आले? मी कागदावर रेघोट्या ओढीत बसलो असता पुतणी बिल हातात घेऊन म्हणाली, “काका, हे आयकराच्या गणितासारखे नाही का? तुम्हीच वर्गात शिकवले होते.”

वाचकहो, नववीच्या पुस्तकातील अर्थनियोजनाचा पाठ मी दर वर्षी शिकवितो. उत्पन्नाच्या पहिल्या टप्प्यास एक दर, पुढच्यास अधिक, त्यापुढच्यास त्याहून अधिक. हे फळ्यावर शेकडो वेळा लिहिणाऱ्या मला बिलाच्या पाठीवरील त्याच पायऱ्या दिसल्या नव्हत्या. सन २०२४-२५ मध्ये महावितरणच्या घरगुती दरात, वहन आकार धरून, पहिल्या १०० युनिटांस प्रत्येकी सुमारे ६ रुपये, १०१ ते ३०० पर्यंत सुमारे साडेअकरा, आणि ३०१ ते ५०० पर्यंत सुमारे पावणेसोळा रुपये पडत. त्यावर शेकडा १६ वीजशुल्क. पहिली स्वस्त पायरी घरातील दिवे, पंखे व फ्रीज यांनीच व्यापलेली होती. गाडीचे पहिले २०० युनिट दुसऱ्या पायरीवर पडले, त्यांचे २,३०० रुपये. पुढील २०० तिसऱ्या पायरीवर, त्यांचे ३,१५०. शुल्कासह बेरीज सुमारे ६,३०० रुपये. मी सांगितलेल्या रकमेच्या तिपटीहून अधिक!

डिझेलपेक्षा वीज तरीही स्वस्तच होती. परंतु साडेसात हजारांच्या जागी बचत राहिली सुमारे ३,२०० रुपयांची, आणि हप्ता तर सात हजारांच्या भरवशावर बांधलेला. दोष गाडीचा नव्हता, दर ठरविणाऱ्यांचाही नव्हता. ते दर बिलावर छापलेले होते. सरासरी ही झालेल्या खर्चाविषयी सांगते. पुढचे पाऊल कोणत्या पायरीवर पडेल, हे ती सांगत नाही. मी मागच्या खर्चाच्या सरासरीने पुढचा खर्च मोजला, एवढीच ती चूक.

पाटल्या मी त्याच आठवड्यात सोडवून आणल्या. पुढे फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेतून भावाच्या छपरावर तीन किलोवॅटचे सौर संच बसविले. ७८,००० रुपये अनुदान मिळाले; उरलेली रक्कम मी माझ्या ठेवीतून घातली, व भावाने ती पुष्कळ आढेवेढे घेऊन स्वीकारली. असे संच चांगल्या उन्हात दिवसास सुमारे १२ युनिट वीज देतात. येथे तोच पायऱ्यांचा नियम आमच्या कामी आला. कारण छपरावरील वीज एकूण वापरातून वजा होते, तेव्हा सर्वांत महाग अशा वरच्या पायरीवरील युनिट आधी गळतात.

पालकांपैकी कोणी अशी गाडी घेण्याच्या विचारात असतील, तर त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. एका खेपेस लागणारी वीज भिंतीपाशी मोजावी. ती घरच्या वापरावर चढवून कोणत्या पायरीपर्यंत पोचते ते त्या वर्षीच्या दरपत्रकात पाहावे. आणि हप्ता ठरविण्यापूर्वी निदान एक महिन्याचे खरे बिल हाती घ्यावे. शिवाय १५ अँपिअरच्या खटक्यातून रात्रभर तीन हजार वॅटांहून अधिक भार वाहतो. यास्तव घराचा मंजूर भार, तार व अर्थिंग जाणत्या वायरमनकडून आधी तपासून घ्यावे.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस मात्र एवढेच सांगतो की, जो पाठ आपण इतरांस शिकवितो, तो आपल्यास आलाच आहे असे समजू नये. गेल्या वर्षी नववीत अर्थनियोजनाचा पाठ सुरू करताना मी आयकराऐवजी भावाचे बिल फळ्यावर लिहिले. कोणाचे बिल ते सांगितले नाही. पहिले उत्तर एका मुलाने सरासरीने काढले. मी त्याला रागावलो नाही, खडू त्याच्या हाती दिला आणि म्हणालो, “बाळ, आता हेच एकेक पायरी चढून कर.”