पोकळी

नगरच्या आमच्या महाविद्यालयातील एक सहकारी दर रविवारी चर्चमधील गायकवृंदाला गिटारची साथ करतात. गिटार त्यांच्या दिवंगत वडिलांची आहे. विजेवर चालणारी, पण पोटातून पोकळ. दर्शनी फळीवर व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार छिद्रे. परवा ते म्हणाले, "सर, आवाज जरा वाढवला की ही घुमू लागते आणि मग नुसती किंचाळते. पोटात स्पंज कोंबावा म्हणतो, पण हात धजत नाही."

मी मराठीचा मास्तर, मला त्यातले काय कळणार? तरी त्या निमित्ताने या वाद्याचा इतिहास चाळला आणि तो ओळखीचा वाटू लागला.

गिटारचे पोट पोकळ असते ते तारेचा नाद वाढावा म्हणून. १९३६ साली गिब्सन कंपनीने 'ईएस-१५०' ही विजेवरची गिटार बाजारात आणली. तारांखालील चुंबक आणि तांब्याचे वेटोळे तारेच्या कंपनाचा विद्युतसंकेत करू लागले; नाद मोठा करण्याचे काम ध्वनिवर्धकाकडे गेले. पोकळी मात्र राहिली, आणि तीच पुढे अडचणीची ठरली. ध्वनिवर्धकातून आलेला आवाज पातळ फळीला हलवी, फळी तारांना, आणि तारांचा आवाज पुन्हा ध्वनिवर्धकात जाई. १९५८ च्या 'ईएस-३३५' मध्ये गिब्सनने पोटाच्या मधोमध भरीव लाकडाचा ठोकळा घातला, दोन्ही बगला तेवढ्या पोकळ ठेवल्या. ग्रेच कंपनीने तर साठच्या दशकात आपल्या काही गिटारींना छिद्रे पाडलीच नाहीत. त्या जागी छिद्रांची चित्रे रंगवली.

या चित्रांपाशी मी थबकलो. आमच्याच जिल्ह्यात, नेवाशाला, शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका श्रोत्यांसमोर सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तीच ओवी मी वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो, तिचे चरण मोजतो, यमके अधोरेखित करतो. वर्गात ती मोठ्याने कधी म्हटली नाही. आवाज चांगला नाही, ही सबब. श्रोत्यांकडे अवधान मागणारी ज्ञानेश्वरांची संबोधने माझ्या विद्यार्थ्यांना 'शैलीची वैशिष्ट्ये' म्हणून पाच गुणांपुरती पाठ असतात. माझ्या वर्गातली रंगवलेली छिद्रे ती हीच.

गिब्सनच्या ठोकळ्याला मी नावे ठेवणार नाही. पोकळी किती राखायची, याचा हिशेब त्यात निदान कोणीतरी केला होता. मी तो कधीच केला नव्हता.

सहकाऱ्यांना म्हटले, "स्पंज नको. छिद्रांना बसतील अशी रबराची बुचे करून घ्या. चर्चमध्ये लावा, घरी काढा."

सोमवारी बाराव्या अध्यायाचा तास होता. पुस्तक मिटून सुरुवातीच्या ओव्या म्हणू लागलो. तिसऱ्या ओवीला आवाज फाटला, दोनतीन मुले हसली. मग मागच्या बाकावरून नेवासे तालुक्यातल्या एका वारकरी घरच्या मुलाने पुढची ओवी चालीवर उचलली.