कागदाची नळी

लहान मुलाला डॉक्टरांकडे नेण्याची तयारी ती काय, असे दोन महिन्यांपूर्वी कोणी आम्हांस विचारले असते, तर 'मुलास उचलावे आणि चालू लागावे' असे उत्तर आम्ही बेधडक दिले असते. संसारात इतकी वर्षे काढूनही मनुष्य किती अजाण राहू शकतो, याचे प्रत्यंतर आम्हांस नुकतेच आले.

त्याचे असे झाले. आमच्या धाकट्या कन्येस, ती सहाव्या वर्षात आहे, तापाचे निमित्त झाले. साताऱ्यातील आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तिच्या छातीस नळी लावली, आणि ती अंमळ अधिक वेळ तेथेच ठेवली. ताप उतरल्यावर त्यांनी पुन्हा बोलावून ऐकले. "ठोक्यांमध्ये मर्मर ऐकू येते. पुष्कळ निरोगी मुलांतही ती असते. तरी पुण्यास बालहृद्रोगतज्ज्ञांना एकदा दाखवा," असे ते म्हणाले. मर्मर! वाळल्या पानांच्या सळसळीसाठी संस्कृत कवींनी वापरलेला हा नाजूक शब्द इतका भयंकर असेल, हे आम्हांस ठाऊक नव्हते.

भेटीचा दिवस बारा दिवसांनंतरचा मिळाला. आमच्या आत्यांनी मुलीच्या दंडास काळा दोरा बांधला आणि आम्हांस बजावले, "बाहेर बोलू नका हो. मुलीची जात आहे." आम्ही स्वतःस सुधारक म्हणवितो, पण शेजाऱ्यांनी विचारताच 'पुण्यास एका लग्नास जावयाचे आहे' असे सांगून मोकळे झालो, हे येथे कबूल केले पाहिजे. एकदा जीभ अशी सैल सुटली म्हणजे ती घरातही सैलच राहते. कन्येस आम्ही सांगितले की, आपण कात्रजला वाघ पाहावयास जाणार आहोत.

हे आमच्या सौभाग्यवतीस रुचले नाही. "वाघ येताना जरूर दाखवू," त्या म्हणाल्या, "पण वाघ म्हणून नेऊन तिला तपासणीच्या टेबलावर निजवलं, तर पुढच्या वेळी ती वाघालाही यायची नाही."

त्यांच्या तयारीची रीत आमच्याहून निराळी होती. एका फायलीत त्यांनी लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळच्या वजनाची नोंद आणि आजवरची सारी औषधपत्रे लावली. खेळताना मुलीस धाप लागते काय, ओठ निळसर दिसतात काय, वजन नीट वाढते काय, घराण्यात कोणास जन्मापासून हृदयाचा विकार होता काय, या संभाव्य प्रश्नांची उत्तरे वहीत लिहून ठेवली. खाली, आपण विचारावयाचे प्रश्न. पुढून उघडणारा सदरा, खाऊचा डबा आणि कानतुटका कापडी ससा पिशवीत गेला.

मग त्यांनी मुलीस जवळ घेऊन सारे सांगितले. छातीस चिकटपट्ट्या लावून ठोक्यांचा आलेख काढतील. पुढे अंधाऱ्या खोलीत गार चिकट मलम लावून एक लहानसे यंत्र छातीवर फिरवतील. पडद्यावर हृदय हलताना दिसेल. एडलर व हर्ट्झ या दोघांनी १९५३ साली स्वीडनमधील लुंड येथे ध्वनिलहरी हृदयाकडे रोखल्या, तेव्हापासून ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदय पाहता येऊ लागले आहे.

"सुई टोचतील?" कन्येने विचारले.

'छे, मुळीच नाही' असे आमच्या ओठांवर आले होते. सौभाग्यवती म्हणाल्या, "बहुतेक नाही. टोचायची झालीच, तर मी तुला आधी सांगेन." मुलीने क्षणभर विचार केला आणि सशास मांडीवर निजविले.

रंगीत तालमीसाठी नळी हवी होती. पॅरिसमधील नेकेर रुग्णालयात १८१६ साली एका तरुण स्त्रीच्या छातीस कान लावणे अप्रशस्त वाटून रेने लेनेकने कागदाची गुंडाळी केली, आणि त्या संकोचातून स्टेथस्कोप जन्मास आला. आम्हीही जुन्या दिनदर्शिकेचे पान गुंडाळले. कन्येने प्रथम सशास तपासले. तो ठणठणीत निघाला. मग आम्हांस निजवून तिने नळी आमच्या छातीवर टेकली आणि बराच वेळ कान लावून राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं घोड्यासारखं पळतंय. भ्यायलात?"

सौभाग्यवतीने आमच्याकडे पाहिले. "होय, थोडा," आम्ही म्हणालो. बारा दिवसांत आम्ही उच्चारलेले ते पहिले खरे वाक्य असावे. "मग ससा तुम्ही धरा," असे म्हणून तिने तो आमच्या हाती दिला. वाघाची गोष्ट कोणासाठी रचली होती, हे आम्हांस तेव्हा उमगले.

पुण्यास सारे सांगितल्याप्रमाणेच घडले. मलम गार होते, सुई नव्हती. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास एक बारीक छिद्र निघाले. "आवाज एवढा मोठा, म्हणून आम्ही..." आम्ही अडखळलो. डॉक्टर हसले. "नळाच्या तोंडावर बोट दाबलं की पाणी अधिक जोरानं फुसकारतं. या छिद्राचंही तसंच. पुष्कळदा लहान छिद्रच मोठा आवाज करतं." औषध नाही, खेळण्यास बंदी नाही, दात स्वच्छ ठेवावे आणि वर्षाने पुन्हा दाखवावे, एवढेच त्यांनी सांगितले. ते छिद्र पुढे बुजेल की तसेच राहील, हे आज ठरवावयाचे नव्हते. परतताना वाघ पाहिला.

सायंकाळी वाड्याच्या दारात शेजारच्या काकू भेटल्या. "काय हो, लग्न कसं झालं?" त्यांनी विचारले. कन्या आमच्या तोंडाकडे पाहत होती.

"लग्न नव्हते, काकू," आम्ही म्हणालो, "हिचे हृदय दाखवावयास गेलो होतो. आत या, सांगतो."